तिसऱ्या वर्षीची बॅटरी

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने वॉच सिरीज ११ बाजारात आणलं, आणि दहा वर्षं ज्या आकड्यावरून या घड्याळाची टिंगल होत आली तो आकडा बदलला. बॅटरी आता अठरा तास नव्हे, चोवीस तास चालेल असं कंपनीने जाहीर केलं. भारतात किंमत ४६,९०० रुपयांपासून पुढे. लगेच वादाच्या दोन फळ्या उभ्या राहिल्या. एक फळी म्हणते, दोन हजारांचं देशी ब्रँडचं घड्याळ आठवडाभर चालतं आणि सत्तेचाळीस हजारांचं रोज चार्जिंगला लावायचं, ही शुद्ध लूट आहे. दुसरी म्हणते, फोन रोज चार्ज करताच ना, मग घड्याळाचंच एवढं काय? शिवाय आता पूर्ण दिवस-रात्र चालतं, म्हणजे तक्रारच संपली. वाद रंगतो भरपूर, पण दोन्ही फळ्या एकाच आकड्याला लोंबकळलेल्या आहेत आणि तो आकडा त्यांचा भार पेलू शकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बॅटरी एका चार्जमध्ये किती तास किंवा किती दिवस चालते, यावरून घड्याळाचे पैसे वसूल होतात की नाही हे ठरत नाही. ते ठरतं ती बॅटरी तिसऱ्या वर्षी काय देते आणि खचल्यावर बदलून मिळते का, यावर. ही माहिती खोक्यावर कोणीच छापत नाही, ना दोन हजारवाला ना सत्तेचाळीस हजारवाला. या कसोटीवर नवं ॲपल वॉच आज पुरेसं आहे, पण त्याची किंमत आजच्या पुरेसेपणाची नाही. आणि सात दिवसवालं स्वस्त घड्याळही या कसोटीतून आपोआप सुटत नाही.

आधी हे चोवीस तास आले कुठून ते पाहू. ॲपल आपल्या चाचणीचा तपशील बारीक अक्षरांत का होईना पण देते, आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. २०१५ च्या पहिल्या घड्याळाचे अठरा तास असे भरले होते: ९० वेळा वेळ पाहणं, ९० नोटिफिकेशन, ४५ मिनिटं ॲपचा वापर आणि घड्याळावरची गाणी ऐकत अर्धा तास व्यायाम. सिरीज १० पर्यंत येता येता वेळ पाहणं ३०० वर गेलं, व्यायाम एक तासाचा झाला, आणि ॲपचा वापर ४५ मिनिटांवरून १५ वर उतरला. आकडा मात्र अठराचा अठराच. सिरीज ११ मध्ये हाच दिनक्रम कायम ठेवून त्यात सहा तासांच्या झोपेची नोंद मिळवली, आणि झाले चोवीस. अठरा अधिक सहा! झोपेत सेन्सर चालू असतात हे खरं, पण माणूस घड्याळाकडे पाहत नाही, नोटिफिकेशन वाचत नाही. बॅटरी थोडी मोठी झाली आहे हेही खरं. पण जागेपणीचा हिशेब तोच राहिला आहे. ज्याला पूर्वी दिवस पुरत होता त्याला आता रात्रही पुरेल, एवढाच या आकड्याचा अर्थ. तो काही कमी नाही. मात्र ‘बॅटरी एक तृतीयांशाने वाढली’ असं जे सांगत सुटले आहेत, त्यांनी तळटीप वाचलेली नाही.

यात ॲपल खोटं बोलते असं मी म्हणत नाही. उलट इतकं उघड सांगणाऱ्या कंपन्या थोड्याच. गार्मिनच्या इन्स्टिंक्ट २ सोलरची बॅटरी घड्याळ म्हणून वापरताना ‘अमर्याद’ चालते असं जाहीर झालं तेव्हा त्याला अट होती: रोज तीन तास, ५०,००० लक्सच्या उजेडात. राजस्थानात ठीक आहे. आषाढात लोणावळ्याला राहणाऱ्याने ते ऊन कुठून आणायचं? स्वस्त घड्याळांच्या जाहिरातीत ‘सात दिवसांपर्यंत’ असं ठळक असतं आणि खाली बारीक टाइपात ‘ब्लूटूथ कॉलिंग चालू असल्यास दोन दिवसांपर्यंत’. ज्या कॉलिंगसाठी घड्याळ घेतलं तेच चालू केलं की आठवड्याचे दोन दिवस होतात. अठरा, चोवीस, सात दिवस, अमर्याद. हे चार आकडे चार वेगवेगळ्या परीक्षांतले गुण आहेत आणि आपण त्यांची एकच गुणवत्ता यादी लावून बसलो आहोत.

गाडी घेताना आपण इतके भोळे नसतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला पहिला प्रश्न, आणि कंपनीचा आकडा ऐकताना आपण मनातल्या मनात त्यातून काही वजा करतो. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या कोंडीत तो आकडा येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही तो उपयोगी पडतो, कारण पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्थेत सगळ्या गाड्या एकाच ठरलेल्या चाचणीतून जातात. आकडा खरा नसला तरी तुलना खरी असते. घड्याळाच्या बॅटरीबाबत तुलनाही खरी नाही. मग एकाचे चोवीस तास आणि दुसऱ्याचे सात दिवस शेजारी मांडून कोण लुटतंय ते सांगणार तरी कसं?

आता जास्त दिवसवाल्यांच्या बाजूने जे सर्वांत बळकट आहे ते मान्य करायला हवं. तो मुद्दा ‘रोज चार्ज करायचा कंटाळा येतो’ हा नाही. तो रात्रीचा आहे. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील कोथरूडमध्ये किंवा डोंबिवलीत, अशा घरांत ही महागडी घड्याळं मोठ्या संख्येने भेट म्हणून येतात, आणि येतात ती मुख्यतः एका सोयीसाठी. माणूस जोरात पडला आणि हलला नाही तर घड्याळ स्वतःहून मदतीला फोन लावतं. २०१८ च्या सिरीज ४ पासून ही सोय आहे, आणि वय ५५ च्या पुढे असेल तर ती आपोआप चालू होते. पण सत्तरीतला माणूस पडतो कधी? बरेचदा रात्री दोन-तीनला, अंधारात बाथरूमकडे जाताना. त्या वेळी घड्याळ उशाशी चार्जरवर असेल तर त्याची त्या क्षणीची किंमत शून्य. यावर दुसऱ्या फळीचं ठरलेलं उत्तर असतं की आंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावा, पंधरा मिनिटांत आठ तासांपुरती भरते. आता वेगाने चार्ज होतं हे मान्य. पण म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरण्याची घरातली दुसरी हमखास जागा कुठली, तर आंघोळीची ओली फरशी! घड्याळ पाण्यात चालतं ते नेमकं तिथे हातात असावं म्हणूनच. तेव्हा ही फळी आपल्या आईवडिलांना जो सल्ला देते आहे त्याचा तिने पुन्हा विचार करावा.

ट्रेकवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. अलंग-मदन-कुलंगला दोन-तीन दिवस जाणाऱ्याला जीपीएस चालू ठेवून टिकणारं घड्याळ लागतं, आणि तिथे चोवीस तासांचं घड्याळ हे ओझं आहे. त्याने गार्मिन घ्यावं. यात वादाला जागाच नाही.

पण एवढं मान्य करूनही ‘जास्त दिवस म्हणजे चांगलं घड्याळ’ हा निष्कर्ष निघत नाही, आणि या धंद्याचा स्वतःचा छोटासा इतिहास त्याच्या विरोधात आहे. पेबल आठवतंय? २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जवळजवळ ६९ हजार लोकांनी एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी करून दिली आणि हे घड्याळ जन्माला आलं. ई-पेपरचा पडदा, वेळ कायम दिसणार, उन्हातही स्पष्ट, बॅटरी सात दिवसांपर्यंत. ॲपलचं घड्याळ यायच्या आधी. बॅटरीच निर्णायक असती तर आज सगळ्यांच्या मनगटावर पेबल असतं. प्रत्यक्षात डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. (२०२५ मध्ये तिच्या मूळ संस्थापकाने ती घड्याळं पुन्हा आणली आहेत, तीस दिवसांच्या दाव्यासह. जुन्या भक्तांना आनंद झाला, मलाही झाला, पण तो बाजार छोटाच राहणार.) वनप्लसचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०२१ च्या त्यांच्या पहिल्या घड्याळाचा दावा चौदा दिवसांचा होता आणि समीक्षकांनी ते झोडपून काढलं, कारण चौदा दिवस चालून ते करत फारसं काही नव्हतं. २०२४ च्या वॉच २ मध्ये त्यांनी दोन चिप बसवल्या. एक गूगलची वेअर ओएस ही घड्याळांची प्रणाली चालवणारी ताकदवान चिप आणि एक किरकोळ कामांसाठी कमी वीज खाणारी. दावा उतरला शंभर तासांवर, किंमत २४,९९९ रुपये, आणि या वेळी कौतुक झालं. दिवस चौदावरून चारावर आले आणि घड्याळ सुधारलं. याची संगती ‘दिवस मोजा’वाले कशी लावणार?

कारण साधं आहे. स्वस्त घड्याळ आठवडाभर चालतं त्यामागे मोठी बॅटरी नसते. त्याची छोटी चिप एक अगदी हलकी प्रणाली चालवते, नाडी ठरावीक अंतराने तपासते, पडदा बहुतेक वेळ काळा ठेवते आणि बाहेरची ॲप घेत नाही. ज्याला वेळ, पावलं आणि ‘कोणाचा फोन आला’ एवढंच बघायचं आहे त्याला हे पुरेसं आहे, आणि अशा माणसाने सत्तेचाळीस हजार घालवू नयेत. इथे मी पहिल्या फळीबरोबर आहे. पण ‘यात लूट आहे’ आणि ‘मला याची गरज नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आता दुसऱ्या फळीकडे वळू. तिचं सर्वांत चांगलं अस्त्र इतिहासातलं आहे. आपल्या आजोबांच्या हातात एचएमटी होतं. बंगळुरूला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या कारखान्यातलं, बहुधा ‘जनता’. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागे, आणि कोणी ‘हे घड्याळ एकच दिवस चालतं’ म्हणून रडत नव्हतं. मग आपणच एवढे नाजूक कधीपासून झालो?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्या इतिहासाचं पुढचं पान उलटलं की उत्तर मिळतं. लोक चावी देत होते कारण परवडणारा दुसरा पर्याय नव्हता. २५ डिसेंबर १९६९ ला सेको कंपनीने क्वार्ट्झवर, म्हणजे चावीऐवजी सेल आणि स्फटिकावर चालणारं ॲस्ट्रॉन विकायला काढलं, साडेचार लाख येनला. तेव्हा त्या पैशांत छोटी मोटार यायची. पण तंत्र स्वस्त होताच चावीच्या घड्याळांची जगभर धूळधाण झाली. आपल्याकडेही तेच घडलं. टाटा आणि तामिळनाडूच्या टिडको यांनी १९८४ मध्ये टायटन उभी केली ती क्वार्ट्झच्या भरवशावर. एचएमटीने भर चावीच्या घड्याळांवरच ठेवला, आणि २०१६ मध्ये तिचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय झाला. रोजची कटकट लोक पर्याय नसेपर्यंत सोसतात. सोसतात म्हणजे त्यांना ती पसंत असते असं नाही.

शिवाय चावी देणं आणि चार्जिंग करणं यांत एक फरक आहे आणि माझ्या मते सगळा वाद तिथे येऊन थांबतो. चावी अर्ध्या मिनिटात, हातातल्या हातात देता येते हा वरवरचा फरक झाला. खरा फरक हा की दहा हजार वेळा चावी दिली तरी स्प्रिंग दर वेळी जवळजवळ तेवढीच ताकद देते, आणि तुटलीच तर कोपऱ्यावरचा घड्याळजी दुसरी बसवतो. क्वार्ट्झचा सेल संपला तर पाच मिनिटांत नवा. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून विकलं जातंय, एक सेल सातेक वर्षं जातो, आणि पुन्हा सेल टाकला की पुढची सात वर्षं. लिथियम-आयन बॅटरी मात्र प्रत्येक चार्जबरोबर थोडी थोडी मरते, आणि ती चिकटवून बंद केलेल्या डबीत असते.

थोडा हिशेब करू. ॲपल म्हणते की तिच्या घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत टिकेल अशी बनवलेली आहे. आकडा चांगला आहे. पण जे घड्याळ चोवीस तासांत रिकामं होतं त्याचे वर्षाला ३६५ चार्ज होतात, म्हणजे हजारचा टप्पा तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच येतो. चोवीस तासांचे ८० टक्के म्हणजे साधारण एकोणीस तास. सकाळी सातला मनगटावर चढवलेलं घड्याळ रात्री दोनला बंद. ज्या रात्रीसाठी हा नवा आकडा मिरवला, तीच रात्र तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस हातची जाते, आणि नवं घड्याळ जुन्या घड्याळाच्या आकड्यावर येऊन बसतं. जुन्या अठरा तासवाल्यांचं याहून वाईट होतं. त्यांचे उरतात सव्वाचौदा-साडेचौदा तास, म्हणजे सकाळी सहाला निघालेलं घड्याळ रात्री साडेआठच्या आधीच मान टाकतं. याउलट चौदा दिवसांच्या घड्याळाचे वर्षाला सव्वीस चार्ज. वय आणि उष्णता यांनी तीही बॅटरी खचतेच, विदर्भातला मे महिना कोणालाच सोडत नाही, पण समजा ती ८० टक्क्यांवर आली तरी उरतात अकरा दिवस. चौदाचे अकरा झालेले कोणाच्या लक्षातही येत नाहीत. चोवीसचे एकोणीस झाले की घड्याळ ज्यासाठी घेतलं ते काम थांबतं. जास्त दिवसांचा खरा फायदा हा आहे, कंटाळा वाचण्याचा नव्हे. गंमत म्हणजे ‘जास्त दिवस’वाले स्वतःच हा मुद्दा कधी मांडत नाहीत.

किमतीचं गणितही मग वेगळं दिसू लागतं. ४६,९०० रुपये तीन वर्षांत विभागले तर दिवसाला ४३ रुपये पडतात. तेच घड्याळ बॅटरी बदलून पाच वर्षं वापरलं तर मूळ किमतीचे दिवसाला २६ रुपयांच्या आत, वर बॅटरीचा खर्च. तासांचा आकडा अठरावरून चोवीसवर गेल्याने हा हिशेब हलत नाही. वर्षं तीनाची पाच झाल्याने हलतो. ॲपल बॅटरी बदलून देते, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट आहे आणि पहिल्या फळीने ती मोजलीच पाहिजे. दोन हजारांच्या घड्याळाची बॅटरी बदलून घेतलेला माणूस तुम्हाला माहीत आहे का? तिथे तर बॅटरी खचायच्याही आधी दोन पिनांचा चुंबकी चार्जर हरवतो आणि त्याच मॉडेलचा दुसरा मिळत नाही, किंवा फोन बदलल्यावर ॲप नीट जुळत नाही. घड्याळ खणात जातं. २०२४ मध्ये भारतातली स्मार्टवॉचची विक्री जवळपास एक तृतीयांशाने घसरली. त्याची कारणं अनेक सांगितली गेली, पण मला त्यात ही खणातली घड्याळं दिसतात. ज्यांनी एकदा घेतलं त्यांतले पुष्कळ जण दुसरं घ्यायला फिरकले नसावेत.

यावर कोणी म्हणेल की सामान्य गिऱ्हाइकाने हे सगळं कसं शोधायचं? शोधावं लागू नये, हाच तर मुद्दा आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी लेबल सक्तीचं केलं. एका चार्जमध्ये उपकरण किती तास चालतं हे एका सामायिक चाचणीनुसार त्यावर छापावं लागतं, बॅटरी ८० टक्क्यांवर यायच्या आधी किती वेळा चार्ज होते तेही, आणि दुरुस्तीच्या सोयीची श्रेणीही. म्हणजे हे मोजता येतं, छापता येतं आणि कंपन्या ते मुकाट्याने छापतात. आपल्याकडे फ्रिज आणि एसीवर बीईईचे तारे बघून निवड करायची सवय लोकांना लागलेली आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकावरचा समितीचा अहवालही सादर झाला. त्यातही सुरुवात फोन आणि टॅब्लेटपासूनच आहे. मनगटावरचं उपकरण दोन्हीकडे यादीबाहेर.

घड्याळं बाहेर ठेवायचं जे कारण नेहमी पुढे केलं जातं ते पाण्याचं: पाणी आत जाऊ नये म्हणून सगळं चिकटवावं लागतं, उघडण्याजोगं केलं तर ते टिकणार नाही. पाठीवर सेन्सर असतात, चार्जिंगची गुंडाळी असते, जाडी वाढवता येत नाही, हे सगळं मान्य. पण रोलेक्सने १९२६ मध्ये ऑयस्टर आणलं तेव्हा त्याचं मागचं झाकण आट्यांनी बसवलेलं होतं. पाणी आत जात नव्हतं, आणि घड्याळजी ते झाकण फिरवून उघडतही होता.